झिजलेला काना

घरातल्या जुन्या लॅपटॉपचे सौंदर्य न्याहाळायचे असेल, तर पडदा पेटण्यापूर्वी, खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात त्याचा कळफलक पाहावा. नव्या कळेचा पृष्ठभाग किंचित खरखरीत, निस्तेज असतो. बोटांच्या वर्षानुवर्षांच्या स्पर्शाने त्याला हळूहळू झिलई चढते, आणि ती सगळीकडे सारखी चढत नाही. आमच्या लॅपटॉपवर सर्वांत अधिक चकाकते ती अक्षरांच्या वरच्या ओळीतली डावीकडून तिसरी कळ. इंग्रजी लिहिताना तिथे 'ई' आहे, इंग्रजीत सर्वाधिक वेळा येणारे अक्षर. आणि देवनागरी टंकनाच्या इनस्क्रिप्ट मांडणीत नेमक्या त्याच कळेवर मराठीचा काना बसलेला आहे. मुलीचे इंग्रजी प्रकल्प आणि तिच्या आजोबांची सोसायटीला लिहिलेली मराठी पत्रे यांनी मिळून ही एकच जागा घासून गुळगुळीत केली. देवनागरी अक्षरांचे पारदर्शक स्टिकर मधे लावले होते. त्यातला काना सर्वांआधी पुसला गेला.

इनस्क्रिप्ट मांडणीची गोडी आपण अंगुलीने चाखावी. बहुतेक मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्याकडे; त्यामुळे 'काका' लिहिताना उजवा, डावा, उजवा, डावा असा ठेका आपोआप धरला जातो, 'दादा' लिहितानाही तोच. ('मामा' मात्र संपूर्ण डाव्या हाताचा, 'म' नियमाबाहेर तिकडे जाऊन बसला आहे. मामाचे लाड असे सर्वत्र!) तर्जन्या जिथे विसावतात त्या दोन कळांवर, न पाहता सापडाव्यात म्हणून, बारीक उंचवटे असतात, त्यांतल्या एकीवर ऱ्हस्व वेलांटी, दुसरीवर 'र'. आमच्याकडे उंचवटे शाबूत आहेत, अक्षरे गेली आहेत. आणि स्पेसबारचा केवळ उजवा भाग आरशासारखा झाला आहे, म्हणजे या घरात दोन शब्दांमधले अंतर सर्वांनी उजव्याच अंगठ्याने सोडले. यंत्राला हस्ताक्षर नसते, असे कोण म्हणतो?

मग आपण लॅपटॉप सुरू करावा, आणि कान द्यावा. मूळच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेई, म्हणजे सेकंदाला ९०. तिच्यावर अक्षरशः केसाहूनही कमी अंतरावरून तरंगणारे वाचक-शीर्ष मागेपुढे सरके तेव्हा आतून एक बारीक कुरकुर ऐकू येई, आणि फाइल सापडत असल्याची ती खूण असे. पुढे तिच्या जागी एसएसडी बसवली. वेग वाढला, कुरकुर गेली. मला ती अजून आठवते. पण हा बदल शक्य झाला यातच जुन्या घडणीचे औदार्य आहे: तळाचे स्क्रू काढले की रॅमची पट्टी दिसते, दोन खिट्ट्या सरकवल्या की बॅटरी हातात येते. आजच्या अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाखलेली आणि बॅटरी आत कोंडलेली असते.

बाहेरच्या काळाने मात्र आपली पावले थांबवली नाहीत. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. आणि विंडोज ११ दारातच टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप मागते, जी आमच्या वृद्धाकडे नाही. त्याचे शरीर धडधाकट, केवळ कागदपत्रे अपुरी! लिनक्स मिंट ही दुसरी कार्यप्रणाली टाकल्यावर तो पुन्हा लिहू लागला, आणि काना पूर्वीच्याच कळेवर राहिला.

त्याच्या पोटात एक जुनी लग्नपत्रिकाही आहे, श्री-लिपी फॉन्टमध्ये टंकलेली. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती उघडली की मंगलाचरणाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा नुसता गलबला दिसतो, कारण त्या काळी मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्याच घरात भाडेकरू म्हणून राहत. युनिकोडने त्यांना स्वतःची घरे दिली, पण जुन्या फायली आपण होऊन स्थलांतर करीत नाहीत. आपल्याकडेही असा लॅपटॉप असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्या फायली युनिकोडमध्ये आणून घ्या. आणि सुरक्षा-अद्यतने बंद झालेली असतील, तर त्याच्यावर बँकेचे व्यवहार करू नका, पत्रे मात्र खुशाल लिहा.