'पॉज' : गाळू नये असा शब्द

इंग्रजी नाटकाच्या छापील प्रतीत संवादांच्या मधे एक छोटासा शब्द येतो : पॉज. वाचताना आपण तो ओलांडून जातो. मराठीत आणताना कोणी 'क्षणभर शांतता' लिहितो, कोणी 'थांबून', तर कोणी तो गाळूनच टाकतो. हॅरॉल्ड पिंटरच्या (१९३०–२००८) बाबतीत असे केले तर नाटकच हातून निसटते.

पिंटर तीन खुणा वेगवेगळ्या वापरतो. तीन टिंबे म्हणजे शब्दासाठी चाचपडणे. पॉज म्हणजे ओठ थांबले, पण मन धावतेच आहे. सायलेन्स म्हणजे आधीचे सारे संपले, आता नव्याने सुरुवात. दिग्दर्शक पीटर हॉल या खुणा पक्क्या करून घेण्यासाठी नटांची वेगळी तालीमच घेत असत.

'द केअरटेकर' (१९६०) पाहा. डेव्हिस हा बेघर म्हातारा खोट्या नावाने वावरतो. खरी कागदपत्रे सिडकपला कोणापाशी तरी आहेत, ती आणली की आपण कोण हे सिद्ध होईल, असे तो सांगत राहतो. पण कधी हवा बरी नसते, कधी बूट. आसरा देणारा ॲस्टन सहज विचारतो, तू वेल्श का? डेव्हिस आधी ऐकूच आले नाही असे दाखवतो. प्रश्न पुन्हा येतो. मग पॉज. आणि त्यानंतर गोलमाल उत्तर.

ज्याचे छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याला 'तू कुठला?' हा प्रश्न साधा नसतो. काय सांगितले तर इथे राहता येईल, याचा हिशेब त्या पॉजमध्ये चालतो. तो गाळला तर डेव्हिस नुसता लबाड ठरतो; ठेवला तर त्याची भीती दिसते. डेव्हिस काही भला माणूस नव्हे. तो स्वतःच काळ्या आणि परक्या लोकांचा द्वेष करतो. तरीही ती भीती खरी आहे.

मग मराठीत काय म्हणावे? 'शांतता' हा शब्द सायलेन्ससाठी राखून ठेवायला हवा. 'विराम' चालेल, पण तो ऐकायचा कसा हे आपल्या कानांना ठाऊक आहे. तिलावतीतल्या सक्त्यात आवाज थांबतो, श्वास मात्र तोडायचा नसतो. सूरह यासीनमधला सक्ता विचारणाऱ्यांचे बोल आणि त्यांना मिळणारे उत्तर एकमेकांत मिसळू देत नाही. पिंटरचा पॉज नटाने असाच, श्वास न तोडता पाळावा.

उगाच लांबवलेला पॉज पिंटरलाही नको होता. अर्थ लागत नसेल तर काढून टाका, असे तो नटांना सांगे.

नाटकाच्या शेवटी डेव्हिस आसऱ्यासाठी विनवतो. वाक्ये टिंबाटिंबांनी तुटत जातात, कागदपत्रांचा विषय पुन्हा निघतो आणि वाक्य अर्धेच राहते. पुढे दीर्घ शांतता आणि पडदा. इथे पॉज नाही, कारण आता कोणी उत्तर देणार नाही. हा फरक प्रेक्षकाला जाणवायचा असेल, तर आधीचा प्रत्येक पॉज अनुवादात जागेवर असायला हवा.