एका अश्वपरीक्षेच्या प्रतीचें परीक्षण

प्रस्तुत लेखांत ज्या प्रतीचें परीक्षण करावयाचें आहे ती जुनी नाहीं. शाळेच्या रेघी वहींत, निळ्या शाईनें, इ. स. १९८४ च्या उन्हाळ्याच्या सुटींत ती लिहिली गेली. आणि ती लिहिणारा मीच. मूळ पोथी बुलढाणा जिल्ह्यांत, मोताळा तालुक्यांतील धामणगांव बढे येथील एका घरीं होती. आज ती तेथें नाहीं. म्हणून ही नक्कल हाच तिचा एकमेव अवशेष उरला आहे. तो कितपत विश्वसनीय आहे, हा प्रश्न संग्राहकांपुढें ठेवणें मला कर्तव्य वाटतें. उत्तर आरंभींच सांगून टाकतों: फारच थोडा. तो तसा कां झाला, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

मूळ पोथी देशी कागदाच्या ११ पानांची, पाठपोट लिहिलेली, बालबोध लिपींतील होती. दोन्ही बाजूंस तांबड्या रेघांचा समास होता. शेवटचें पान गहाळ असल्यामुळें कर्त्याचें नांव, लेखनकाल व लेखकाचें नांव यांपैकीं कांहींच मिळालें नाहीं. आरंभीं ‘अथ अश्वपरीक्षा’ एवढेंच होतें. पुढें कांहीं ओंव्या व कांहीं गद्य अशा मिश्र रचनेंत घोड्याचे रंग, अंगावरील भोंवरे, दांतांवरून वयाची ओळख, चालींचे भेद आणि शेवटीं औषधें, असा क्रम होता. सातव्या पानावर घोड्याची एक साधी रेखाकृति काढून भोंवऱ्यांचीं स्थानें टिंबांनीं दाखविलीं होतीं.

असा ग्रंथ त्या गांवीं सांपडावा यांत नवल नाहीं. वरती अजिंठ्याच्या डोंगराचें पठार आणि खालीं तापी-पूर्णेच्या खोऱ्याची सपाटी, यांच्या सांध्यावर व वऱ्हाड-खानदेशच्या सीमेवर हा प्रदेश आहे. जवळच्या रोहिणखेडास इ. स. १४३७ त बहामनी सैन्यानें खानदेशच्या नसीरखानाचा पराभव केला, आणि १५९० च्या सुमारास निजामशाही तख्ताच्या कलहांतील लढाईही तेथेंच झाली. पठारावर असईस २३ सप्टेंबर १८०३ रोजीं काय घडलें हें वाचकांस विदितच आहे. अशा वाटेवरच्या गांवीं घोड्याची परख ही हौस नव्हती, ती गरज होती. पुढें १८६७ त लोहमार्ग नागपुरापर्यंत पोंचला. तरी मलकापूर स्टेशनापासून गांवापर्यंत माणूस घोड्याच्या किंवा बैलाच्याच आधारानें येई.

पोथीचे धनी वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या पूर्वजांकडे शिलेदारी असल्याचें ते सांगत. पडवींत खुंटीवर एक कुजलेलें खोगीर, पितळी रिकिबींचा एक जोड व घोड्याचा तोबरा अजून टांगलेला होता. मी नुकताच संस्कृताचा शिक्षक होऊन आलों होतों. पोथी पाहतांच तिची प्रत करण्याचें मनांत आलें. तीन दुपारीं त्यांच्या ओट्यावर बसून मीं ती केली.

माझ्या शिक्षणाच्या घमेंडींत मूळ मला अत्यंत अशुद्ध वाटलें. ऱ्हस्वदीर्घाचा पोंच नाहीं, संस्कृत शब्दांच्या पाठीस पाठ लावून फारसी व अरबी शब्द बसलेले, आणि ओंवीच्या अक्षरांचा मेळ नाहीं. मीं ठरविलें कीं, प्रत करतां करतांच ग्रंथ शुद्ध करावा. पहिल्या तीन पानांपुरतें मीं वहीच्या मागें एक शुद्धिपत्र ठेविलें होतें: डावीकडे मूळचा शब्द, उजवीकडे माझा. पुढें कंटाळा आल्यानें तें सोडून दिलें व बदल सरळ मजकुरांतच केले. त्या शुद्धिपत्रांत २६ शब्द आहेत. आजचें हें परीक्षण केवळ त्या २६ शब्दांच्या आधारें करतां येत आहे.

त्यांतील चार उदाहरणें पुरेशीं आहेत.

पहिलें उदाहरण ‘खिंग’ व ‘नुकरा’ या दोन शब्दांचें. दोहोंच्या जागीं मीं ‘श्वेत’ लिहिलें. खिंग शब्द फारसी आहे. नुकरा मूळचा अरबी, अर्थ चांदी. घोडेवाल्यांच्या भाषेंत नुकरा म्हणजे ज्याची कातडीही गुलाबी असा पांढरा घोडा. मूळ पोथींत यांपैकीं एकाची स्तुति व लगेच पुढच्या ओंवींत दुसऱ्याविषयीं सावधगिरीची सूचना होती. माझ्या प्रतींत आतां श्वेत घोडा घ्यावा असें एके ठिकाणीं आहे, व तीन ओळींनंतर श्वेत घोडा पारखून घ्यावा, सहसा घेऊं नये, असें आहे. ही विसंगति ग्रंथकाराची नव्हे, माझी आहे. कोणी पुढील अभ्यासक ही प्रत वाचून ग्रंथकार भोंदू होता असा निष्कर्ष काढील, तर त्याला दोष कसा द्यावा?

दुसरें उदाहरण ‘कुमैत’. हाही शब्द अरबी. तांबूस अंग, परंतु आयाळ, शेंपूट व पायांचा खालचा भाग काळा, असा त्याचा नेमका अर्थ. मीं तेथें ‘शोण’ घातला. ‘सुरंग’ हा शब्द मात्र संस्कृतासारखा दिसला म्हणून तसाच ठेविला. सुरंगाची आयाळ अंगाच्याच रंगाची असते. कुमैत व सुरंग यांतील भेद हा आयाळीचा भेद आहे. शोण शब्दांत आयाळ कोठेंच नाहीं.

तिसरें उदाहरण हास्यास्पद आहे, पण लपविण्यांत अर्थ नाहीं. ‘सब्जा’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थ हिरवा. घोड्याविषयीं तो करड्या रंगास लावतात. मीं तो ‘हरित’ केला. सूर्याचे घोडे हरित, सूर्याचें नांव हरिदश्व, म्हणून हा पाठ मला विशेष शोभिवंत वाटला. मीं तो मोठ्यानें वाचून दाखविला, तेव्हां ते वृद्ध गृहस्थ म्हणाले, “मास्तर, हिरवा घोडा कोठें पाहिला तुम्हीं?” मीं त्यांना सूर्यरथाची माहिती सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली आणि चहा मागविला.

चौथें उदाहरण सर्वांत गंभीर आहे. पोथींत अंगावरील केसांच्या वळणांची नांवें होतीं. त्यांत ‘भोंवरा’ आणि ‘गोम’ असे दोन शब्द वारंवार येत. मीं दोहोंचें ‘आवर्त’ केलें. गोम हा किड्याचें नांव सांगणारा ग्राम्य शब्द ग्रंथांत नसावा, असें मला वाटलें. पुढें कित्येक वर्षांनीं माघाचा पांचवा सर्ग पुन्हां वाचीत असतां मल्लिनाथानें तेथील अश्ववर्णनावर दिलेलीं अश्वशास्त्राचीं वचनें नजरेस आलीं. केसांच्या वळणांचे आठ प्रकार या शास्त्रांत मानले आहेत: आवर्त, शुक्ति, संघात, मुकुल, अवलीढ, शतपदी, पादुका व अर्धपादुका. शतपदी म्हणजे गोम! म्हणजे धामणगांवच्या पोथीच्या कर्त्यास, किंवा ज्या परंपरेंतून ती उतरली त्या परंपरेस, संस्कृत अश्वशास्त्राची परिभाषा नेमकी ठाऊक होती. आवर्तास त्यानें भोंवरा म्हटलें, शतपदीस गोम म्हटलें. दोन्ही भाषांतरें बिनचूक. गोल वळण तो भोंवरा, किड्यासारखी लांबट रेघ ती गोम. ज्याला मीं अडाणी समजलों तो शास्त्र जाणत होता, आणि संस्कृताचा पदवीधर असून शास्त्र न जाणणारा मी, त्या संबंधाचा एकुलता पुरावा पुसून बसलों. ‘यांत कांहीं तरी गोम आहे’ असें आपण रोज म्हणतों; त्या वाक्याच्या मुळाशीं घोडा उभा आहे, हें तरी त्या वेळीं सुचावयास हवें होतें.

येथें असा आक्षेप येईल कीं, जुन्या पंडितांनींही परकी शब्दांना संस्कृत रूप दिलेंच आहे. हा आक्षेप तपासून पाहूं. बाराव्या शतकांत हेमचंद्रानें अभिधानचिंतामणींत घोड्यांच्या रंगांवरून पडलेलीं नांवें दिलीं आहेत: खोंगाह, सेराह, खुंगाह, वोल्लाह, उराह इत्यादि. हीं उघडच बाहेरून आलेलीं दिसतात. त्यानें त्यांच्या व्युत्पत्तीही दिल्या. परंतु आपल्याच टीकेंत तो बजावतो कीं, हे शब्द बहुतेक देशी आहेत, व्युत्पत्ति केवळ अक्षरांचा क्रम निश्चित राहावा म्हणून दिली आहे. एवढा मोठा वैयाकरण; पण त्यानें शब्द बदलला नाहीं, त्याचीं अक्षरें हलूं नयेत म्हणून व्याकरणाचा खुंटा मारला. तीच गोष्ट रघुनाथ पंडिताची. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें त्यानें राजव्यवहारकोश रचला, तो दरबारी भाषेंतील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठींच. तथापि त्या कोशांत यावनी शब्द पुसलेला नाहीं; त्याच्या शेजारीं संस्कृत शब्द बसविला आहे. म्हणूनच आज तो कोश दोन्ही भाषांचा साक्षीदार ठरतो. मीं शेजारीं लिहावयाचें तें वर लिहिलें, एवढाच फरक. परंतु त्या फरकानें साक्षीदार मेला.

छापील ग्रंथांतही हाच धडा आहे. वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथांत झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या अश्वपरीक्षेची हकीकत प्रसिद्धच आहे. तो ग्रंथ चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ त छापला, पण संपादनांत मूळांत बरेच फेरफार केले. तथापि वैद्यांनीं एक गोष्ट केली, तिनें त्यांचा दोष धुऊन निघाला: मूळ हस्तलिखित त्यांनीं १९२२ त भारत इतिहास संशोधक मंडळास दिलें. त्यामुळेंच दत्तो वामन पोतदारांना १९६६ त मूळ पाठ छापतां आला. संपादकाची चूक मूळ शाबूत असेल तर दुरुस्त होते. मूळ गेलें कीं चूक हेंच मूळ होऊन बसतें.

धामणगांवचें मूळ कसें गेलें तेंही सांगितलें पाहिजे. ते वृद्ध गृहस्थ वारल्यानंतर घर पाडून नवें बांधण्याचें ठरलें. जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी आला आणि तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर रिकिबी व पोथी घेऊन गेला. मला हें कळलें तेव्हां वर्ष उलटलें होतें. पत्त्याचा माग काढीत मी मुंबईस त्याच्या दुकानीं गेलों. रिकिबी तेथें होत्या. घांसून लखलखीत केलेल्या, कागद दाबण्याचें वजन म्हणून विकावयास मांडलेल्या. पोथीविषयीं विचारतां तो म्हणाला कीं, चित्राचें पान तेवढें चौकटींत बसवून विकलें, बाकीचे कागद कोणी मागत नाहीं. शेजारच्या भिंतीवर दुसऱ्या कोणत्या तरी पोथीचें घोड्याचें रंगीत पान टांगलें होतें. खालच्या दोन ओळी चौकटींत मावत नव्हत्या म्हणून कापलेल्या होत्या. व्यापाऱ्यास मी काय बोलणार? त्यानें दोन ओळी कापल्या. मीं किती कापल्या त्याची मोजदाद नाहीं.

संस्कृत अश्वशास्त्राच्या मानानें मराठी ग्रंथांची आपण फार उपेक्षा केली आहे. जयदत्ताचें अश्ववैद्यक व नकुलाचें अश्वचिकित्सित हे ग्रंथ कलकत्त्यास बिब्लिओथेका इंडिका मालेंत गेल्या शतकापूर्वीच्या शतकांत छापले गेले. तंजावराहून नकुलाचें अश्वशास्त्र १९५२ त सचित्र निघालें. पुण्यास डेक्कन कॉलेजानें भोजाचें शालिहोत्र १९५३ त प्रसिद्ध केलें. उलट मराठी अश्वपरीक्षा घरोघरच्या दप्तरांत, औषधांच्या बाडांत, बहुधा निनांवी पडून राहिल्या. त्यांतील औषधें आज कोणी जनावरास देऊं नयेत, हें उघड आहे. भोंवऱ्यांवरून धन्याचें भाग्य सांगणेंही व्यर्थ. परंतु भोंवरा दोन घोड्यांचा सारखा नसतो, म्हणून घोडा ओळखण्यासाठीं त्याची नोंद आजही करतात. शुभाशुभाच्या टरफलाखालीं निरीक्षणाचा दाणा आहे, आणि तो ज्या शब्दांत आहे ते शब्द अजून सर्वस्वी मेलेले नाहींत. तापीकांठीं सारंगखेड्यास दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तेथें माझें शुद्धिपत्र घेऊन मी गेलों होतों. डावीकडचे बहुतेक शब्द तेथील सौदागरांस ठाऊक होते, आणि नुकऱ्याची गुलाबी कातडी त्यांनीं मला नाकपुडीपाशीं बोट ठेवून दाखविली. उजवीकडचा एकही शब्द कोणास कळला नाहीं.

यावरून प्रत करणाऱ्यांस माझी विनंती आहे. शंका येईल तो शब्द आहे तसा लिहावा. आपली दुरुस्ती समासांत, आपल्या नांवानें लिहावी. ऱ्हस्वदीर्घही हलवूं नये. शक्य तर प्रत्येक पानाचें छायाचित्र घ्यावें. पोथीच्या धन्यानें सांगितलेला अर्थ, तो कितीही अडाणी वाटो, वेगळा टिपून ठेवावा. आणि चित्राचें पान मजकुरापासून तोडलेलें असेल तर तें विकत घेऊं नये. घेणारा आहे म्हणून तोडणारा आहे.

असो. ही वही मी संग्रहांत देत आहे. सूचींत तिची नोंद ‘अश्वपरीक्षा, नक्कल’ अशी करूं नये. ‘शुद्धिपत्र, २६ शब्द, सोबत अविश्वसनीय नक्कल’ अशी करावी. त्यांतील डावीकडचा रकाना तेवढा धामणगांव बढ्याचा आहे.