आजोबांचा डिकन्स

चार्ल्स डिकन्स मोठा लेखक आहे की नाही, याबद्दलचे माझे मत आजवर तीनदा बदलले. त्यातली पहिली दोन मते माझी नव्हती.

पहिले आजोबांचे. मामलेदार कचेरीतून ते पेन्शनीत निघाले तेव्हा त्यांच्या लोखंडी ट्रंकेत दोनच इंग्रज नांदत होते, डिकन्स आणि रेनॉल्ड्स. रात्रीची जेवणे आटोपली की आजोबा कंदील जवळ ओढून ‘डेव्हिड कॉपरफील्ड’चे एक प्रकरण घेत आणि डोळ्यांनी इंग्रजी वाचत तोंडाने मराठी सांगत. कर्जात बुडालेला मिकॉबर नव्या उमेदीने उभा राहिला की आजी तोंडाला पदर लावून म्हणायची, “अगदी आपले वाईचे भावोजी हो!”

दुसरे मत कॉलेजातले. आमचे इंग्रजीचे प्राध्यापक केंब्रिजच्या लीव्हिससाहेबांचे निस्सीम भक्त. या एफ. आर. लीव्हिसने १९४८ साली ‘द ग्रेट ट्रॅडिशन’ लिहून इंग्रजी कादंबरीकारांची पंगत मांडली. पाटावर जेन ऑस्टिन, जॉर्ज इलियट, हेन्री जेम्स आणि कॉनरॅड. डिकन्सला ‘हार्ड टाइम्स’ या एका कादंबरीपुरते ओसरीवर पान वाढले होते. बाकी गृहस्थ प्रतिभावान खरा, पण करमणूकवाला! तोंडी परीक्षेत “आवडता कादंबरीकार कोण?” असे विचारल्यावर मी छाती काढून “हेन्री जेम्स” म्हणालो. जेम्सचे एकच पुस्तक मी हाती घेतले होते आणि चाळिसाव्या पानावर आम्ही दोघांनी संगनमताने ते मिटले होते.

त्याच जोशात सुट्टीत घरी गेलो आणि डिकन्सचे सगळे खंड रद्दीवाल्याला घातले. रेनॉल्ड्स ट्रंकेच्या तळाशी होता म्हणून बचावला. आजोबांची नजर तोवर अधू झालेली. एका संध्याकाळी म्हणाले, “अरे, तो मिकॉबर काढ बरं. वाचून दाखव थोडं.”

मी म्हणालो, “आजोबा, आता डिकन्स कोणी वाचत नाही.”

“असं होय,” म्हणाले, आणि पानाचा डबा पुढे ओढला. १९६८ साली ते गेले.

१९७० साली, डिकन्सच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, लीव्हिस पतिपत्नींनी मिळून ‘डिकन्स द नॉव्हेलिस्ट’ हा ग्रंथ काढला. त्यात डिकन्स थोरांतला थोर! ओसरीवरचा पाहुणा २२ वर्षांनी उचलून थेट मधल्या पाटावर. टीकाकाराला मत बदलायचा हक्क आहे, मी नाही म्हणत नाही. पण रद्दीवाला २२ वर्षे थांबत नाही हो!

त्यानंतर मी चिडून वाचायला लागलो. डिकन्सबद्दल कोण काय म्हणाले ते आधी. तर काय, ही परंपरा जुनीच! ट्रॉलपने १८५५ सालीच ‘द वॉर्डन’मध्ये मिस्टर पॉप्युलर सेंटिमेंट या नावाने त्याची टर उडवलेली. १८६५ साली हेन्री जेम्सने ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ची सालटी काढली, का, तर यात धड साधी माणसे नाहीत, सगळे तऱ्हेवाईक. जेम्सचे वय तेव्हा २२. (या २२ आकड्याचे आणि डिकन्सचे काहीतरी वाकडे असावे.) तमाशाला जाऊन सोंगाड्या घरच्यासारखा का बोलत नाही, म्हणून रुसण्यापैकी ते आहे.

बरे, टीकाकार सगळेच खोटे बोलत होते असेही नाही. लिट्ल नेलच्या मरणावर १८४१ साली दोन्ही खंडांतले वाचक ढसाढसा रडले. आज मला तिथे चार पाने सरळ उलटावी लागतात. पण लीव्हिसच्या आणि आजोबांच्या वाचण्यात एक फरक होता. ‘कॉपरफील्ड’ १८४९-५० साली दरमहा ३२ पानांच्या हप्त्याने, शिलिंगाला एक, असा निघाला. महिनाभर वाट पाहायची, मग घरात एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. महिन्यानंतरही माणूस ओळखू यावा म्हणून प्रत्येकाला एक लकब. ती सगळी एकाच खुर्चीत एका दमात वाचली तर अतिरेक वाटणारच. आमच्या माजघरात कधी वाटला नाही.

आणि रेनॉल्ड्स? तो डिकन्सपेक्षा दोन वर्षांनी लहान. ‘पिकविक’ गाजतो आहे म्हटल्यावर या पठ्ठ्याने पिकविकला परस्पर फ्रान्सला पाठवून स्वतःचे पुस्तक काढले! पुढे ‘द मिस्टरीज ऑफ लंडन’ पेनी-पेनीला विकून त्याने खपात डिकन्सलाही घाम फोडला. टीकाकारांनी त्याला दारातही उभे केले नाही. आमच्याकडे मात्र हरिभाऊ आपट्यांनी त्याच्याच आधाराने ‘मधली स्थिती’ लिहून १८८५ साली कादंबरीत पाऊल टाकले. ‘पण लक्षात कोण घेतो!’मधल्या यमूपर्यंतची वाट लंडनच्या बदनाम गल्ल्यांतून आली, हे आमच्या प्राध्यापकांना सांगायचे राहूनच गेले.

डिकन्सचे नवे खंड मी घेतले. फूटपाथवर जुनी पुस्तके दिसली की अजून एक ‘कॉपरफील्ड’ उघडून पाहतो, कारण आजोबांच्या प्रतीवर मिकॉबरच्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. सापडलेला नाही.

अलीकडे विद्वान मंडळी रेनॉल्ड्सवरही लिहू लागली आहेत. काय म्हणतात ते मी वाचलेले नाही. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकल्या आहेत, आणि किल्ली नातवाच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवली आहे. तो सध्या कॉलेजात आहे.