समिधा की सहयजमान?
‘स्मृतिचित्रे’ व ‘समिधा’ यांतील दांपत्यजीवन

‘मिशन’ हा शब्द मराठीत रुळला तो मुख्यतः संस्था या अर्थाने. मिशनचा बंगला, मिशनचा दवाखाना, मिशनची शाळा हे प्रयोग सर्वपरिचित आहेत. मनाने पत्करलेले जीवितकार्य या अर्थासाठी मराठीने ‘व्रत’ हा आपला जुना शब्दच राखून ठेवला. या दोन्ही शब्दांत एक उणीव समान आहे. मिशनला नोकर असतात, व्रताला व्रतस्थ असतो. परंतु पती आणि पत्नी एकाच कार्यात जन्म वेचतात तेव्हा त्यांच्या रोजच्या संसाराला यांपैकी एकाही शब्दात जागा सापडत नाही. ही जागा मराठीत दोन आत्मकथनांनी निर्माण केली : लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ आणि साधनाताई आमटे यांचे ‘समिधा’.

दोहोंची तुलना वरवर विजोड भासेल. रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती धर्मोपदेशक होते; वरोऱ्याच्या आनंदवनात धर्मप्रचाराला स्थान नव्हते. तथापि दोन्ही संसारांची घडण एकाच जातीची आहे. निर्णय आधी पतीचा झाला. त्या निर्णयाचे घर करण्याचे काम पत्नीकडे आले. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मधला, लक्ष्मीबाईंचा 1900 मधला. मधल्या काळातील वियोग संपल्यावर त्या पतीजवळ राहावयास आल्या, तरी आपले पाणी व आपली चूल त्यांनी काही काळ वेगळीच ठेवली. एका छपराखाली दोन चुली, हे धर्मांतराच्या प्रश्नाचे जितके नेमके रूप आहे तितके कोणत्याही वादग्रंथात आढळणार नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातील जातिभेद गळून पडला तोही एखाद्या प्रवचनाने नव्हे. राहुरीच्या वास्तव्यात त्यांनी स्वतःशीच विचार केला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आरंभ केला. सिद्धांताची कसोटी स्वयंपाकघरात लागली.

वरोऱ्यातही कसोटी तीच होती. नागपूरच्या घुलेशास्त्री घराण्यातील, सोवळ्याओवळ्यात वाढलेली कन्या 1946 मध्ये मुरलीधर देविदास आमटे यांच्याशी विवाहबद्ध झाली आणि सर्व जातींच्या माणसांनी एकत्र राहावयाच्या श्रमाश्रमात संसार मांडू लागली. 1951 मध्ये विकास आणि प्रकाश या दोन लहानग्यांसह हे दांपत्य गावाबाहेरील खडकाळ माळावर राहावयास गेले. सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खर्चासाठी 14 रुपये. पुढे माळावर भाजीपाला पिकू लागला. परंतु कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेईना. 1954 मध्ये ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संघटनेचे देशोदेशींचे स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, बांधकामे करू लागले आणि तेथलीच भाजी खाऊ लागले. ते पाहून गावाचे भय ओसरले. परक्यांच्या जेवणाने जे सिद्ध झाले, ते एका आईने आपल्या मुलांच्या ताटात त्याआधीच सिद्ध केलेले होते. तिच्या या प्रमाणाकडे गावाचे लक्ष गेले नव्हते, इतकेच.

या दोन ग्रंथांतील संबोधने विशेष विचारणीय आहेत. पतीचे नाव न घेण्याच्या रूढीतून लक्ष्मीबाई ‘टिळक’ या आडनावाने वाट काढतात. या शब्दात आदर आहे, तसेच पुरेसे अंतरही आहे. म्हणूनच टिळकांच्या विसराळूपणावर, हातात पैसा न टिकण्यावर त्या मनमुराद हसू शकतात. आनंदवनात संबोधनांची व्यवस्था निराळी. तेथे पती सर्वांचा ‘बाबा’ आणि पत्नी सर्वांची ‘ताई’. नातेवाचक शब्दांचा काटेकोर विचार केल्यास पिता आणि थोरली बहीण एवढेच उरते. दांपत्य नाहीसे होते. पत्नीही पतीला जगाच्याच शब्दाने संबोधते. त्यामुळे ‘समिधा’मध्ये विनोदाला लागणारे अंतर क्वचितच मिळते, आणि तक्रारीचा सूर उमटण्यापूर्वीच विरतो. ही या ग्रंथाची मर्यादा खरीच. पण तो लेखिकेच्या प्रतिभेचा दोष नसून, संसाराची भाषाही सार्वजनिक झाल्याचा तो परिणाम होय.

ग्रंथाच्या नावाबाबतही हाच आक्षेप उद्भवतो. समिधा जळते, अग्नी प्रज्वलित होतो आणि यज्ञाचे फळ यजमानाला मिळते. वस्तुतः ‘पत्नी’ हा शब्द पाणिनीने यज्ञाशी असलेल्या संबंधातूनच साधला आहे. पत्नी ही यज्ञातील द्रव्य नव्हे. ती यज्ञाची सहस्वामिनी. लेखिकेने स्वीकारलेले नाव तिच्याच कथनापेक्षा लहान ठरते. 1990 मध्ये नर्मदाकाठच्या लढ्यासाठी बाबांनी आनंदवन सोडले, तेव्हा त्यांचे वय 75 होते आणि ताईंनी साठी ओलांडली होती. मणक्याच्या विकारामुळे बाबांना बसता येत नसे. उभे राहावे किंवा आडवे व्हावे, एवढेच शक्य होते. अशा देहाचे वेळापत्रक सांभाळीत परमुलखात, छोटी कसरावद येथे, चूल पुन्हा एकदा मांडावयाची होती. पुढची सुमारे दहा वर्षे ती तेथे पेटती राहिली. हे काम समिधेचे नव्हे; समिधा एकदाच जळते.

अशा आत्मकथनांना थोर पुरुषांच्या चरित्राची ‘साधनसामग्री’ म्हणून वापरण्याची प्रथा आपल्या समीक्षेत पडली आहे. ती टाकली पाहिजे. टिळकांची कविता असो वा बाबांचे ‘ज्वाला आणि फुले’ असो, त्यांत ध्येय उद्गारलेले आहे. ते ध्येय दररोज किती पाण्याने, किती इंधनाने आणि कोणाच्या संमतीने चालले, याचा विचार मात्र या दोन स्त्रियांच्या गद्यात आहे. तो सामग्री नव्हे, तो स्वतंत्र विचार आहे. आणि त्याची परीक्षाही विचार म्हणूनच व्हावयास हवी.