डोळ्यामागचा उंचवटा

डोळ्याच्या खोबणीचा तळ फुटला की तिथे टायटॅनियमची एक पातळ जाळी बसवतात. आधीच वळण देऊन तयार मिळणारी ही जाळी वरून पाहिली तर डोळ्यांत भरत नाही. पुढे रुंद, मागे निमुळती, भोकाभोकांची एक पट्टी, एवढंच. ती कडेने पाहावी. खोबणीच्या पुढच्या काठावर टेकते, लगेच खळग्यात उतरते, आणि मग मागे, नाकाच्या अंगाला, सावकाश चढत जाते. इंग्रजी एस अक्षर आडवं करून ताणावं तशी ती रेषा आहे. तिचा सगळा आशय त्या शेवटच्या चढात आहे.

सात हाडं मिळून ही खोबण घडते. आतली पोकळी साधारण ३० मिलिलिटरची. त्यातले सातेक मिलिलिटर नेत्रगोलाचे, बाकी जागा चरबी, स्नायू आणि नसांची. गोलाच्या खाली तळ खोलगट असतो, पण गोलाच्या मागे तो वर येतो, कारण गालातल्या सायनसचं छत तिथे फुगलेलं असतं. डोळा जागच्या जागी राहतो त्यात या फुगवट्याचा वाटा मोठा आहे. ठोसा किंवा चेंडू डोळ्यावर बसला की बहुधा गोल फुटत नाही, तळाचं नाजूक हाड फुटतं. १९५७ साली स्मिथ आणि रेगन या अमेरिकी डॉक्टरांनी मृतदेहाच्या डोळ्यावर चेंडू ठेवून त्यावर हातोडी मारली आणि हाच प्रकार घडवून दाखवला. ‘ब्लो-आउट’ हे नाव तेव्हापासूनचं. चरबी आणि कधी स्नायूही खाली सायनसमध्ये उतरतो, एकाचे दोन दिसू लागतात, डोळा आत जातो.

आता ही फट सपाट पत्र्याने झाकली तर? भोक बुजेल, पण उंचवटा परत येणार नाही. मागची पोकळी वाढलेलीच राहील. पोकळी एक मिलिलिटरने वाढली की डोळा ढोबळमानाने मिलिमीटरभर आत जातो, आणि दोन मिलिमीटर गेला की समोरच्या माणसाच्या नजरेत येतं. म्हणून त्या चढाचा एकेक मिलिमीटर मोलाचा.

पूर्वी सर्जन सपाट जाळी ऑपरेशनच्या टेबलापाशी हाताने वाकवत. पुढचा भाग साधायचा, मागचा चढ अंदाजावर. काठापासून आत जेमतेम चार सेंटिमीटरवर दृष्टीची नस असते, तिथे पुन्हा पुन्हा जाळी घालून-काढून पाहणं कोणाला रुचेल? जर्मनीत फ्रायबुर्गच्या मेट्झगर आणि सहकाऱ्यांनी अनेक माणसांच्या सीटी स्कॅनमधून तळाचे आकार मोजून आधीच वळवलेल्या जाळीचा घाट काढला आणि २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला.

आकार मोजण्याची एक रीत मला फार आवडते. प्रत्येक खोबणीवर एकमेकांशी जुळणारे असंख्य बिंदू ठरवायचे, सगळ्या खोबण्या एकमेकींवर नीट बसवायच्या आणि बिंदूंची सरासरी काढायची. पण गंमत सरासरीत नाही. माणसं त्या सरासरीपासून कोणत्या दिशांनी दूर जातात, ते पुढचं गणित सांगतं. सहसा सगळ्यात मोठा फरक निव्वळ लहान-मोठेपणाचा निघतो. तो बाजूला काढला की मग बारकावे दिसू लागतात: उंचवटा किती चढतो, नाकाकडची भिंत आणि तळ कोणत्या कोनात मिळतात. तयार जाळ्या डाव्या-उजव्या आणि लहान-मोठ्या मापांत येतात, त्यामागे अशीच समज आहे. ज्या दिशेला माणसं खूप बदलतात तिथे वेगळं माप हवं. जिथे थोडी बदलतात तिथे एकच वळण पुष्कळांना पुरतं.

यात एक अडचण अशी की जे हाड सर्वांत महत्त्वाचं, तेच यंत्राला सर्वांत कमी दिसतं. नाकाकडची भिंत कागदाइतकी पातळ. सीटीचं चित्र ज्या बारीक ठोकळ्यांचं बनतं, त्यांत ती शेजारच्या हवेत विरघळते आणि धडधाकट हाडात भोक दिसू लागतं. ते भोक खरं नाही हे ओळखून, आजूबाजूच्या वळणावरून हरवलेला पृष्ठभाग पुन्हा उभा करावा लागतो. अंतिम जाळीत या कामाची खूण कुठेच नसते, पण तिचं वळण विश्वासार्ह आहे ते या कष्टांमुळे.

आता त्या त्या रुग्णासाठी वेगळी जाळीही घडवता येते: शाबूत बाजूची खोबण संगणकात आरशातल्यासारखी उलटवायची आणि तिच्यावरून जाळी करायची. अवघड फ्रॅक्चरला तेच उत्तम. पण त्याला वेळ आणि पैसा लागतो, आणि दोन्ही बाजू मोडल्या असतील तर उलटवायला काही उरतच नाही. कपाटातून काढून आज बसवता येणारी जाळी म्हणून मला अधिक मोलाची वाटते.

मात्र सरासरीला फक्त तिच्यात मोजलेली माणसं ठाऊक असतात. फ्रायबुर्गच्या रुग्णालयातल्या स्कॅनवरून निघालेला चढ मुंबईच्या किंवा नागपूरच्या रुग्णाला किती जुळतो, हे तिथल्याच स्कॅनवर मोजून पाहायला हवं. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. डोक्याला मार लागला म्हणून आपल्याकडे रोज सीटी काढले जातात, आणि त्यांतल्या कितीतरी स्कॅनमध्ये दोन्ही खोबण्या शाबूत असतात. रुग्णांची संमती घेऊन, नावं काढून टाकून ते मोजले, तर पुढच्या जाळीच्या वळणात आपलीही हाडं असतील.