जिंकलेले हक्क, राहून गेलेले चित्रपट

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांवर हॉलिवूडने काढलेले चित्रपट बहुतेक मागे वळून पाहणारे आहेत. ‘सेल्मा’ किंवा ‘हिडन फिगर्स’ उत्तमच, पण त्यांतली लढाई प्रेक्षक थिएटरात शिरण्याआधीच जिंकलेली असते. 1965 चा मतदान हक्क कायदा होणार, हे ‘सेल्मा’ पाहणाऱ्याला ठाऊक असतं. मिळालेला हक्क हातचा जातो तो कसा, हा प्रश्न तिथे येतच नाही. तो विज्ञानकादंबरीने विचारला, आणि नेमक्या त्याच कादंबऱ्या मोठ्या पडद्यापर्यंत पोचत नाहीत.

सिनेमा या प्रश्नाच्या अगदी जवळ गेला होता. 1972 च्या ‘कॉन्क्वेस्ट ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’मध्ये गुलाम वानर बंड करतात. दिग्दर्शक जे. ली थॉम्पसन यांनी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातली 1965 ची दंगल डोळ्यांसमोर ठेवून ते बंड चित्रित केलं. मूळ शेवटात वानर गव्हर्नरला ठार मारतात. चाचणी खेळाच्या प्रेक्षकांना ते झेपलं नाही. मग स्टुडिओने शेवट बदलला आणि बंडखोर सीझरच्या तोंडी दयेचं भाषण घातलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहत होती. दडपलेल्यांचा राग जगभर बोलू लागला असताना स्टुडिओने तो पडद्यावर पुसून काढला.

विज्ञानकादंबरीकार ऑक्टेव्हिया बटलर यांनी याच रागाची उलटतपासणी केली. कॉलेजात त्यांना एक कृष्णवर्णीय तरुण भेटला होता. मालकांपुढे मान तुकवणाऱ्या आपल्याच वडीलधाऱ्यांवर त्याचा संताप होता. बटलर यांची आई गोऱ्यांच्या घरी साफसफाई करायची, मागच्या दाराने आत जायची. लहानगी ऑक्टेव्हिया ते पाहत वाढली. मान तुकवून जगणं म्हणजे काय, हे कळण्यासाठी आजच्या माणसाला तिथे नेऊन सोडावं लागेल, या विचारातून 1979 मध्ये ‘किंड्रेड’ आली.

डेना ही 1976 मधली कॅलिफोर्नियातली लेखिका. तिचा नवरा केव्हिन गोरा. ती अचानक एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडमध्ये ओढली जाते आणि बुडणाऱ्या रुफसला वाचवते. हा गोरा मुलगा पुढे गुलामांचा मालक होणार असतो, आणि तिचा पूर्वजही. मोठा झाल्यावर तो डेनाला अॅलिस या गुलाम स्त्रीकडे पाठवतो: तिला समजव, आपणहून आली नाही तर मी मारून आणीन. अॅलिस गेली नाही तर डेनाचा वंशच जन्माला येणार नाही. म्हणून डेना निरोप घेऊन जाते. विसाव्या शतकातली, स्वतंत्र, शिकलेली बाई हे करते. अत्याचाराच्या यंत्रणेत चांगलं माणूस कसं सामील होतं, याचं इतकं निर्दय चित्र मी दुसऱ्या विज्ञानकादंबरीत पाहिलेलं नाही.

डिसेंबर 2022 मध्ये ‘किंड्रेड’ची आठ भागांची मालिका आली आणि पुढच्याच महिन्यात पुढचे भाग रद्द झाले. कथा अर्ध्यावरच राहिली. पण मला जास्त खटकला तो आधीच घेतलेला एक निर्णय. मालिकेने काळ 2016 वर आणला आणि केव्हिनला नुकतीच ओळख झालेला मित्र केलं. कादंबरीत ते लग्नाचे जोडीदार आहेत, आणि अशा लग्नांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने देशभर उठवली ती 1967 मध्ये. नऊ वर्षं जुना हक्क घेऊन हे जोडपं भूतकाळात जातं, आणि तिथे नवऱ्याला बायकोचा मालक असल्याचं सोंग घ्यावं लागतं. ते लग्न काढलं की कथेतलं राजकारणच जातं.

सॅम्युअल डिलेनी यांच्या ‘नोव्हा’ या विज्ञानकादंबरीला (1968) अडथळा छापखान्यातच आला. संपादक जॉन कॅम्पबेल यांनी ती आपल्या मासिकात घेतली नाही. कृष्णवर्णीय नायक वाचकांना आपलासा वाटणार नाही, हे कारण डिलेनींनी पुढे लिहून ठेवलं आहे. पन्नास वर्षांनी ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटाने ती भीती खोटी पाडली. त्याच्या वेशभूषेसाठी रूथ कार्टर आणि कलादिग्दर्शनासाठी हॅना बीचलर यांना ऑस्कर मिळालं, आणि त्या विभागांत ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत ठरल्या. ही प्रगती खरी आहे, आणि मी तिला कमी लेखणार नाही. पण त्यातला वाकांडा हा कल्पित देश कधी गुलाम झालाच नाही. जे कधी गमावलं नाही, ते टिकवण्याची धडपड तिथून सांगता येत नाही.

ती सांगते बटलर यांची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’. 1993 च्या या कादंबरीची सुरुवात 2024 मध्ये होते. पाणी महाग झालंय, पोलिस पैसे घेतल्याशिवाय येत नाहीत. एक कंपनी आख्खं गाव विकत घेते. मजुरी इतकी तुटपुंजी की रहिवासी कर्जात अडकून तिथेच बांधले जातात. गुलामगिरीवरची बंदी रद्द न होताच ती परत येते. वीस वर्षांनी, 2013 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने शेल्बी काउंटी खटल्यात मतदान हक्क कायद्यातलं एक सूत्र घटनाबाह्य ठरवलं. वर्णभेदाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी लागायची, ती या सूत्रानुसार. कायदा पुस्तकात राहिला, पण टेक्ससने त्याच दिवशी मतदार ओळखपत्राचा कडक नियम लागू करण्याचं जाहीर केलं. बटलर यांना हीच पद्धत ओळखीची होती.

एन. के. जेमिसिन यांच्या ‘ब्रोकन अर्थ’ त्रयीने 2016 पासून सलग तीन वर्षं ह्यूगो पुरस्कार मिळवला. ती पडद्यावर आणायला मोठा पैसा लागेल, आणि मोठा पैसा आला की तिची तिखट बाजू बोथट होईल, ही मला धास्ती वाटते. ‘पॅरेबल’ला तेवढंही लागत नाही. महामार्गाच्या कडेने उत्तरेकडे चालणारी माणसं, आणि दुसऱ्याची वेदना स्वतःच्या अंगात जाणवणारी लॉरेन ही मुलगी. ती जाणीव पडद्यावर आणायला चांगली अभिनेत्री हवी, यंत्रकरामत नको. बटलर 2006 मध्ये गेल्या. हे पुस्तक 2020 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत आलं. म्हणजे प्रेक्षकही आहे. निर्मात्याने एकच पथ्य पाळावं: शेवटी कुणाच्या तोंडी सीझरचं भाषण घालू नये.