निष्पाप कोण? : एका इंग्रजी शब्दाचा हिशेब

मराठीत निरागस, निष्पाप, निर्दोष आणि अजाण हे चार वेगळे शब्द आहेत. चेहरा निरागस असतो, मन निष्पाप असते, न्यायालयातून सुटतो तो निर्दोष आणि ज्याला अजून जग कळलेले नाही ते लेकरू अजाण. या चारही अर्थांसाठी इंग्रजीत बहुतेक वेळा 'इनोसन्स' या एकाच शब्दावर भागते. चार अर्थ एका शब्दात कोंबले की एक गेला म्हणजे चारही गेले असे वाटू लागते. जी मुलगी अजाण राहिली नाही, ती निर्दोषही उरली नाही, असे अनुमान मग आपोआप निघते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडने हे अनुमान कायद्यात, वृत्तपत्रांत आणि कादंबऱ्यांत कसे वापरले आणि त्याला छेद देऊ पाहणारा एक मोठा लेखकही त्यातून पूर्णपणे का सुटू शकला नाही, हे या लेखात पाहायचे आहे.

सुरुवात 1885 च्या जुलै महिन्यापासून करू. लंडनच्या 'पॉल मॉल गॅझेट'चा संपादक डब्ल्यू. टी. स्टेड याने गरीब मुलींच्या खरेदी-विक्रीवर लेखमाला छापली आणि शहर हादरले. अशी खरेदी किती सोपी आहे हे दाखवण्यासाठी त्याने स्वतःच एलायझा आर्मस्ट्राँग या तेरा वर्षांच्या मुलीचा पाच पौंडांना 'सौदा' घडवून आणला होता. तिला कोणीही स्पर्श केलेला नाही याचा पुरावा हवा, म्हणून तिची सुईणीकडून तपासणी झाली आणि तिला क्लोरोफॉर्म हुंगवण्यात आले. नंतर एका डॉक्टरनेही तिला तपासले. म्हणजे जिच्या अब्रूसाठी ही मोहीम होती, तिच्याच देहावर, तिला काहीही न विचारता, मोहिमेने हात टाकला. पुढे स्टेडवर खटला झाला आणि त्याला तीन महिन्यांची कैद झाली. खटल्यात कळीचा ठरलेला मुद्दा पाहण्यासारखा आहे: मुलीला नेताना वडिलांची संमती घेतली नव्हती. मुलीची संमती हा प्रश्नच नव्हता.

तरीही लेखमालेचा परिणाम झाला. 1275 च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यात संमतीचे वय बारा होते. 1875 मध्ये ते तेरा झाले आणि 1885 च्या ऑगस्टमध्ये सोळा. सहा शतकांत एक वर्ष आणि नंतर दहा वर्षांत तीन, असा हा वेग. याच काळात जोसेफिन बटलर आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया 1864 ते 1869 च्या सांसर्गिक रोग कायद्यांविरुद्ध लढत होत्या. त्या कायद्यांनुसार लष्करी ठाण्यांच्या आसपास वेश्या असल्याचा संशय आलेल्या कोणत्याही स्त्रीची सक्तीने तपासणी करता येई. सैनिकांची मात्र तशी तपासणी नव्हती. हे कायदे 1886 मध्ये रद्द झाले. पण स्टेडची सुईण आणि या कायद्यांचा डॉक्टर एकाच गोष्टीचा शोध घेत होते: स्त्रीचे निष्पापपण तिच्या शरीरात कुठेतरी सापडते, आणि ते शोधण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला तरी आहे.

या पार्श्वभूमीवर टॉमस हार्डीची 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' 1891 मध्ये आली. दोन मासिकांनी ती नाकारली होती. 'द ग्राफिक' साप्ताहिकात छापताना हार्डीला जंगलातल्या रात्रीचा प्रसंग काढून तिथे खोट्या लग्नाची कथा घालावी लागली. इतकेच नव्हे, तर पाणी साचलेल्या वाटेवरून एंजल चार गवळणींना उचलून पलीकडे नेतो, तिथेही उचलून न्यायचे नाही म्हणून त्याच्या हाती एक हातगाडी द्यावी लागली. पुस्तक निघाले तेव्हा मात्र हार्डीने मुखपृष्ठाआतल्या पानावर टेसला 'शुद्ध स्त्री' म्हटले. हे उपशीर्षक आपण अंतिम मुद्रिते वाचल्यावर शेवटच्या क्षणी जोडले, असे त्याने 1912 च्या प्रस्तावनेत सांगितले आहे. सगळा वाद पेटला तो या दोन शब्दांवर.

माझ्या मते कादंबरीचे बळ त्या विशेषणापेक्षा तिच्या आर्थिक तपशिलांत आहे. टेस अॅलेककडे जाते ती घरचा घोडा तिच्या हातून मेला म्हणून. बापाचे पोट त्या घोड्यावर होते. जंगलातल्या त्या रात्री अॅलेक तिला सांगतो की तुझ्या बापाला नवा घोडा पाठवला आहे आणि भावंडांना खेळणी. यानंतर 'नाही' म्हणण्याची किंमत एकटी टेस मोजणार नसते, ती घरादाराला मोजावी लागणार असते. शेवटीही तेच घडते. बाप मरतो, तीन व्यक्तींच्या हयातीपुरते असलेले घर हातचे जाते, आई आणि भावंडे रस्त्यावर येतात, तेव्हा टेस पुन्हा अॅलेककडे जाते. सत्ता इथे राक्षसासारखी धावून येत नाही. ती घोडा, खेळणी आणि छप्पर होऊन येते. अशा ठिकाणी 'संमती दिली की नाही' हा प्रश्नच अपुरा ठरतो.

एंजलचा प्रसंग याहून बोचरा आहे. लग्नाच्या रात्री तो लंडनमधल्या आपल्या दोन दिवसांच्या स्वैर वागण्याची कबुली देतो आणि टेस त्याला तत्काळ क्षमा करते. मग ती आपली हकीकत सांगते आणि हा सुधारक, पुरोगामी तरुण तिला सोडून जातो. त्याला टेसचे प्रेम नको आहे, त्याला हवे आहे तिचे अजाणपण. ते नसेल तर समोर उभी असलेली बाई त्याला परकी वाटते. लैंगिक नीतीची दोन मापे इतक्या साध्या मांडणीत फार थोड्या कादंबऱ्यांनी दाखवली आहेत.

पण हार्डीबद्दलही एक शंका घ्यायला हवी. त्या रात्री टेस झोपलेली आहे. पहिल्या पुस्तकरूपात तर अॅलेक तिला बाटलीतून काही पाजतो. पुढे हार्डीने ती बाटली काढून टाकली. बाटली काढणे हे धाडस होते, कारण निर्दोषत्वाचा सोपा पुरावा त्याने स्वतःच नष्ट केला. त्या रात्रीनंतर टेस काही आठवडे तिथेच राहते, हेही त्याने लपवले नाही. तरीही झोप त्याने ठेवली. जागी असलेली, गोंधळलेली, घाबरून गप्प बसलेली स्त्री 'शुद्ध' म्हणून वाचकांपुढे ठेवणे त्यालाही अवघड गेले असावे. 'शुद्ध' हा शब्द वापरून त्याने जुन्या तराजूत नवे वजन घातले, तराजू मात्र मोडला नाही. टेस निष्पाप आहे का, हे विचारत राहिलो की अॅलेकने काय केले हा प्रश्न मागे पडतो.

हा तराजू इंग्लंडपुरता राहिला नाही. 1887 च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा किंवा सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम दिला. त्यामागचा दाव्याचा प्रकार हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नव्हता, तो इंग्लंडच्या धर्मपीठीय न्यायालयांतून आला होता. आणि खुद्द इंग्लंडमध्ये 1884 पासून अशा दाव्यात तुरुंगवास उरला नव्हता! 1891 मध्ये, म्हणजे 'टेस'च्याच वर्षी, हिंदुस्थानात संमतीवय दहावरून बारा झाले आणि 'केसरी'ने त्याला कडाडून विरोध केला. सुधारणेचा धडा देणाऱ्या इंग्लंडमध्ये मुलीच्या लग्नाचे किमान वय 1929 पर्यंत बाराच होते. शारदा कायदाही त्याच 1929 चा. रानटी कोण आणि सुसंस्कृत कोण, हा दावा तारखा शेजारी ठेवल्या की डळमळतो.

सर्वांत दीर्घायुषी ठरला तो 1872 चा पुरावा कायदा. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या या कायद्याच्या कलम 155 नुसार बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री 'सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची' आहे हे दाखवता येत होते. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका आदिवासी मुलीवरील बलात्काराच्या खटल्यात दोन पोलिसांना सोडले. त्या खटल्यातही मुलीच्या पूर्वायुष्याची चर्चा झाली होतीच. कलमातला हा भाग आपल्याकडे 2002 च्या दुरुस्तीने गेला. इंग्लंडने अशा पुराव्यावर 1976 मध्ये मर्यादा घातली होती. नवऱ्याला बलात्काराच्या गुन्ह्यातून असलेली सूट तिथल्या न्यायालयाने 1991 मध्ये, 'टेस'नंतर शंभर वर्षांनी, संपवली.

आता तरी हिशेब मिटला का? रॉदरहॅम शहराविषयीच्या 2014 च्या चौकशी अहवालाने सोळा वर्षांत किमान 1400 मुलांचे लैंगिक शोषण झाल्याचा अंदाज दिला. तक्रार घेऊन आलेल्या कित्येक मुलींकडे पोलिसांनी तुच्छतेने पाहिले होते. त्या दारू पीत, रात्री बाहेर राहत, उलट बोलत. थोडक्यात, त्या 'निरागस' दिसत नव्हत्या. 'बालवेश्या' ही कल्पना तिथल्या कायद्यातून 2015 मध्ये काढली गेली.

मराठीतले चार शब्द वेगळे आहेत, म्हणून आपण शहाणे आहोत असे नाही. 'तीही काही कमी नव्हती' हे वाक्य आपल्याकडे रोज ऐकू येते. पण शब्द वेगळे असल्यामुळे एक सोय आपल्या हाताशी आहे. एखादी मुलगी अजाण नसेल, निरागस दिसत नसेल, तरी जे तिच्यावर लादले गेले त्यात ती निर्दोष असू शकते, हे आपली भाषा एका दमात सांगू शकते. टेसला हवे होते ते एवढेच.